वीसच्या वीस तरंगल्या

“ही ताटं कुणाची? ओ, कुणाची ताटं आहेत ही?”

नाशिकमध्ये द्वारकेच्या चौकात आमचा कंडक्टर असा ओरडत होता, की शेजारी सिग्नलला थांबलेल्या ट्रकवाल्यानेसुद्धा आपल्या केबिनमध्ये वाकून पाहिलं. एक रिक्षा आडवी आली म्हणून ड्रायव्हरने ब्रेक मारला होता, आणि वरच्या फळीवरची माझी पिशवी उघडून वीस चकत्या एसटीभर सुटल्या होत्या. एक पुढच्या बाकावरच्या आजोबांच्या टोपीवर जाऊन बसली, आणि त्यांना शोभतही होती. एक ड्रायव्हरच्या मांडीत गेली. उरलेल्या सीटांखालून घरंगळत इतक्या लांब गेल्या, की एसटीला मागे आणखी एक डबा आहे की काय, अशी शंका यावी. मी हातापायांवर रांगत, लोकांच्या चपलांमधून त्या गोळा करत होतो.

“माझ्या आहेत,” मी सीटखालून म्हणालो.

“जेवणाचं कंत्राट घेतलंय का?”

“नाही. खेळायच्या आहेत.”

मी बाहेर आलो तेव्हा कंडक्टरने माझ्या डोक्याकडे पाहिलं. तिथे आता केस उरलेले नाहीत. “खेळा,” तो म्हणाला आणि त्याने घंटी ओढली. पुण्याहून निघाल्यापासून सहा तासांत त्याने माझ्याशी केलेलं हे सगळ्यात प्रेमाचं बोलणं.

चकत्यांचा खुलासा आधीच करून टाकतो. डिस्क गोल्फ नावाचा एक खेळ आहे. गोल्फच, पण चेंडू आणि काठी नाही. हाताने चकती फेकायची आणि दूर उभ्या केलेल्या लोखंडी टोपलीत पाडायची. टोपलीच्या वर साखळ्या लोंबतात, चकती त्यांच्यावर आपटते आणि खाली पडते. ज्याला कमी फेकींत जमेल तो जिंकला. माझी मावसबहीण शोभा नाशिकच्या एका शाळेत खेळ शिकवते. शाळेच्या मैदानावर नव्या वर्गांचं बांधकाम सुरू झालं, मुलींना खेळायला जागा उरली नाही, तेव्हा हिने वणीच्या रस्त्याला असलेल्या आपल्या सासऱ्यांच्या द्राक्षबागेत नऊ टोपल्या रोवल्या. तिचे यजमान दिलीपराव एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात आहेत. त्यांनी सुट्टीच्या दिवसांत जुन्या साखळ्या वेल्डिंग करून टोपल्या बनवल्या आणि खांबांना नट-बोल्टने पक्क्या केल्या. दर रविवारी अठरा मुली तिथे जाऊन खेळतात. चकत्या मात्र सहाच. म्हणून तिचा मला फोन आला. पुण्यातल्या एका कंपनीचा क्लब बंद होत होता, आणि त्यांच्या जुन्या चकत्या फुकट मिळत होत्या.

“दादा, तू फक्त घेऊन ये,” ती म्हणाली होती. “पण त्यातल्या काही तरंगणाऱ्या आहेत, काही बुडणाऱ्या. मला तरंगणाऱ्याच लागतील.”

कुठली कुठली, हे क्लबमध्ये सांगणारा कुणी उरला नव्हता. चकतीच्या पोटाशी वजन छापलेलं असतं, तेही घासून गेलं होतं. मी फोनवर म्हणालो, “काळजी करू नकोस, मला कळतं त्यातलं.” हे वाक्य मी आजवर विहिरी, म्हशी, स्थळं आणि गॅसच्या शेगड्या अशा पुष्कळ बाबतींत वापरलेलं आहे.

शोभा स्कूटर घेऊन द्वारकेला आली होती. पिशवी पायांशी, मी मागे, असे आम्ही शहराबाहेर पडलो. दिंडोरीच्या पुढे एका ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर लालभडक तेल आणि त्यात जाड शेव. पहिल्या घासाला माझ्या डाव्या कानातून शिट्टी वाजली. दुसऱ्याला मला माझे चुलत पणजोबा दिसले, जे मी कधी पाहिलेले नाहीत. शोभा शांतपणे तिसरी भाकरी मोडत होती.

“दादा, तात्यांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, एक अट आहे, ती आत्ताच सांगते,” ती म्हणाली. “टोपल्या आहेत त्या शेततळ्याच्या भोवतीच्या पट्टीत. बाकी सगळी बाग आहे, तिथे खेळता येत नाही. म्हणजे चुकलेली प्रत्येक चकती पाण्यात जाणार. तरंगली तर वाऱ्याने कडेला येते, आम्ही कुंपणाच्या बाहेरून बांबूच्या जाळीने काढतो. पण एक जरी तळाला गेली, तर खेळ बंद. त्याच दिवशी.”

“एका चकतीसाठी? एवढं काय?”

“चकतीसाठी नाही. बुडालेल्या वस्तूमागे माणूस जातो. आमच्या शेजारच्या मळ्यात एकजण पाइप काढायला उतरला होता.” पुढचं तिने सांगितलं नाही, आणि मी तिसरा घास घ्यायचं विसरलो.

मळ्यावर पोचलो आणि मला पहिला धक्का बसला. मी पुण्यात चार लोकांना सांगून आलो होतो, की द्राक्षांच्या मांडवाखाली झोपणार आणि तोंड उघडलं की घड आत. इथे मैलभर नुसत्या तपकिरी काटक्या तारांवर बांधलेल्या. एक पान नाही.

“तात्या, बाग गेली की काय?” मी शोभाच्या सासऱ्यांना हादरून विचारलं. सत्तरीचे, उंच, अंगात बंडी, हातात कात्री.

“गेली नाय. गोडी छाटणी (फळ धरण्यासाठी ऑक्टोबरात करतात ती) झाली. आता डोळे फुटून कोंब येतील.”

“आणि द्राक्षं?”

“फेब्रुवारीत. पाव्हणं लवकर आलं.”

त्यांनी मूठभर बेदाणे माझ्या हातावर ठेवले आणि पुन्हा बागेत शिरले.

दुसरा धक्का शेततळ्याचा. मी तळं म्हटल्यावर कमळं, बगळे वगैरे धरून चाललो होतो. हे म्हणजे एकरभर जमीन उलट्या पिरॅमिडसारखी खणून तिच्यात काळा कागद (इकडे जाड प्लास्टिकला कागदच म्हणतात) अंथरलेला. काठोकाठ पाणी. भोवती जाळीचं कुंपण, एक कुलपाचं फाटक, आणि चार कोपऱ्यांना दोरखंडाने बांधलेल्या ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूबा. पाणी इतकं गप्प होतं की मीसुद्धा दोन मिनिटं गप्प बसलो. ओळखीच्यांना हे खरं वाटणार नाही.

शनिवारी दुपारी शोभा वह्या तपासायला बसली. तात्या बागेत. ती म्हणाली, “दादा, बादली घे, विहिरीचं पाणी घे आणि एकेक चकती टाकून बघ. बुडणारी वेगळी ठेव.”

“वीस चकत्या एकेक करून? मी काय टपालावर शिक्के मारतोय?”

“एकेकच बघ.”

आता इथे मी माझ्या बाजूने एवढंच म्हणेन, की बादली खरोखर लहान होती. शेडच्या मागे मात्र वरचं झाकण कापलेला मोठा निळा ड्रम उभा होता, निम्म्याहून जास्त भरलेला. पाणी जरा गढूळ दिसत होतं, पण मळ्यावर गाळलेलं पाणी कोण ठेवतो? मी पाच चकत्या टाकल्या. पाचही तरंगल्या. पुढच्या पाच टाकल्या, त्याही तरंगल्या. एक निळी, चांगली जड, कडक चकती होती. तिच्याबद्दल मला संशय होता. मी तिला कोपरापर्यंत हात घालून तळाला दाबलं, आणि सोडल्याबरोबर ती अशी उसळून वर आली की माझ्या हनुवटीला लागली. वीसच्या वीस तरंगल्या. मी थक्क झालो. क्लबवाल्यांना आपण काय फुकट देतोय हे माहीतच नव्हतं.

मी प्रत्येक चकतीवर काळ्या मार्करने ठळक ‘त’ काढला, त्यांना उन्हात वाळत घातलं आणि शोभाला जाऊन सांगितलं.

“सगळ्या?” तिने वही खाली ठेवली. “नीट पाहिलंस ना?”

“निळी तर अंगावर आली.”

“दादा, उद्या अठरा मुली येणार आहेत.”

“येऊ देत. छत्तीस येऊ देत.”

रविवारी सकाळी टेम्पो आला आणि त्यातून मुली उतरल्या. एकेकीचा आवाज असा, की बागेतले डोळे त्या दिवशीच फुटायला हवे होते. तात्या बांधावर खाटेवर बसले होते. त्यांना खेळ कळत नाही, असं ते सगळ्यांना सांगतात, पण एखादी चकती साखळीवर आपटली की पायाचा अंगठा हलतो, हे मी पाहिलं. शोभाने नव्या चकत्या वाटल्या. आपल्या जुन्या सहा तिने पिशवीत ठेवल्या, माझ्यावर विश्वास ठेवून.

तिसऱ्या टोपलीपर्यंत सगळं सुरळीत होतं. चौथी तळ्याच्या कोपऱ्यापलीकडे आहे. सिद्धी नावाच्या आठवीतल्या मुलीने निळी चकती फेकली. फेक उत्तम होती, पण वाऱ्याने ती उचलली, वळवली आणि पाण्याच्या बरोबर मधे नेऊन ठेवली. चकती क्षणभर पाण्यावर बसली. मग तिने एक बाजू खाली केली आणि गेली.

पाण्यावर एक गोल उमटला, मोठा होत कडेला आला आणि संपला.

“मॅडम, ती वर येईल ना?” सिद्धीने विचारलं.

तात्या खाटेवरून उठले होते. शोभाने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मी लहानपणापासून पाहतोय, पण असा नव्हता पाहिला.

“ही एकच तशी असेल,” मी म्हणालो. “थांबा, दाखवतो.” आणि कुणी अडवायच्या आत मी माझ्या हातातली पिवळी भिरकावली, मुद्दाम पाण्यात. तीही बुडाली. ती तर बसलीसुद्धा नाही, घरी जायची घाई असल्यासारखी गेली. मला अजूनही पटेना. काल माझ्या डोळ्यांदेखत तीही तरंगली होती. मी तिसरी उचलली.

“दादा, बास,” शोभा म्हणाली.

पण ती हातातून सुटलीच होती. ती पाण्यात पोचली नाही. कुंपणापलीकडे कागदाच्या उतारावर पडली, घसरली आणि अर्धी पाण्यात, अर्धी बाहेर अशी अडकली. फाटकापासून फार तर दहा फूट. जाळीचा बांबू आत ठेवलेला असतो, तो काढण्यासाठी शोभाने सकाळीच कुलूप उघडलं होतं. मला वाटलं, निदान ही एक तरी वाचवावी. मी फाटक ढकललं आणि कागदावर पाय ठेवला.

इथवर मी थोडं वाढवून सांगितलं असेल. पुढचं जसंच्या तसं आहे.

कागदावर पाय टेकलाच नाही. मी पाठीवर पडलो आणि त्या चकतीसकट आवाज न करता पाण्यात गेलो. मला पोहता येतं, बऱ्यापैकी येतं. दोन हात मारून मी कडेला आलो, तळवे कागदावर ठेवले आणि अंग वर घेतलं. तळवे घसरले. पुन्हा ठेवले. कागदावर शेवाळ्याचा पातळ थर असतो, दिसत नाही. नखं लावली, तीही घसरली. पाय टेकायला खाली काही नाही. दोन फुटांवर गवत दिसत होतं, त्यावर एक मुंगळा चालला होता, आणि मला तिथवर जाता येत नव्हतं. चौथ्या वेळी माझ्या लक्षात आलं, की दम संपतोय आणि मी अजून त्याच जागी आहे.

“हात मारू नका,” तात्यांचा आवाज आला. “उताणे पडा. ट्यूब येतेय.”

ट्यूब माझ्या छातीवर आदळली. मी तिच्यात हात अडकवले. वर तात्या, शोभा आणि पाच-सहा थोरल्या मुली दोर ओढत होत्या. मी पोटावर घसटत वर आलो आणि गवतावर पालथा पडून राहिलो. एक मुलगी रडत होती. शोभा तिला जवळ घेऊन उभी होती.

तात्या माझ्याजवळ उकिडवे बसले.

“पाव्हणं, पोहता येतं?”

“येतं.”

“त्यालाबी येत होतं,” ते म्हणाले.

त्यांनी फाटकाला कुलूप लावलं, चावी बंडीच्या खिशात टाकली आणि सुनेला म्हणाले, “शोभा, पोरींना घरी पाठव. टोपल्या काढून घे.”

मला वाटलं होतं ती भांडेल, मी तिच्या बाजूने भांडलो असतो. ती फक्त म्हणाली, “हो तात्या.” मुली टेम्पोत चढल्या. येताना जेवढा आवाज होता तेवढीच आता शांतता. मी चादर गुंडाळून ओट्यावर बसलो होतो आणि समोर सतरा चकत्या पडल्या होत्या, प्रत्येकीवर माझ्या हाताचा ‘त’.

“मी बादलीत पाहायला सांगितलं होतं,” शोभा म्हणाली. रागावून नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

“पाण्यातच पाहिलं गं. शपथ.”

तात्यांनी वाकून एक चकती उचलली. तिच्या कडेला पांढरी भुकटी चिकटली होती, ती नखाने खरवडली आणि बोटांत चोळली.

“ही कशात बुचकळली?”

“शेडमागच्या ड्रमात. निळ्या.”

तात्या खाली बसले.

“ते पाणी नाय,” ते म्हणाले. “खत हाय. ठिबकमधून सोडायला भिजवलेलं. दोन गोण्या हायेत त्यात.”

मी शहरातला माणूस. खत म्हटलं की मला शेण आठवतं. पाण्यात साखरेसारखं विरघळून जाणारं, रंग नसलेलं खत असतं, हे मला त्या ओट्यावर कळलं. आणि पाण्यात एवढं काही विरघळलं की ते जड होतं, मग त्यावर एरवी बुडणारी वस्तूसुद्धा आरामात तरंगते, हे मी शाळेत शिकलो होतो. मार्कही मिळाले होते.

“कुणालाबी पाणीच वाटंल,” तात्या पुढे म्हणाले. “झाकण टाकायचं राहिलं. काल सकाळी मीच भिजवलं.”

शोभाने मान वर केली. तात्या उठले, विहिरीवर गेले, स्वतः बादली भरून आणली आणि ओट्यासमोर मांडी घालून बसले. मग त्यांनी एक चकती घेतली, धुतली, अंगच्या बंडीला पुसली आणि पाण्यावर अलगद सोडली. बुडाली. ती डावीकडे. दुसरी सोडली. बुडाली. तीही डावीकडे. तिसरी राहिली. त्यांनी तिला बोटाने दाबलं, सोडलं, ती वर आली. पुन्हा दाबलं, पुन्हा आली. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. ते तिला पाण्यात ठेवून तंबाखू मळायला लागले, आणि मळून, झटकून, तोंडात टाकून झाल्यावर परत बघितलं. अजून तरंगत होती. मग ती उजवीकडे.

सतरा चकत्यांना तास गेला. तरंगणाऱ्या निघाल्या सहा, सगळ्या मऊ आणि हलक्या, हाताला मेणासारख्या लागणाऱ्या. चकाकणाऱ्या कडक सगळ्या बुडाल्या. हे मी पिशवी उघडतानाच बोटांनी ओळखायला हवं होतं, असं शोभा म्हणाली. बुडालेल्या अकरा तात्यांनी गोणीत भरल्या, गोणीचं तोंड सुतळीने बांधलं आणि आपल्या खोलीत नेऊन ठेवली. तरंगणाऱ्या सहांवरचा माझा ‘त’ त्यांनी पुसला नाही. टोपल्यांबद्दल ते बोलले नाहीत, आणि विचारायची आमची दोघांची हिंमत झाली नाही. जेवताना दिलीपरावांचा फोन आला. शोभा त्यांना एवढंच म्हणाली, “काही नाही, दादा तळ्यात पडला होता. काढला.”

सोमवारी सकाळी मी निघालो. नऊच्या नऊ टोपल्या जागेवर उभ्या होत्या, पण सकाळचे सहाच वाजले होते, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नव्हतं. तात्या ड्रमावर पत्र्याचं झाकण ठेवून त्यावर दगड मांडत होते. मी नमस्कार केला. ते म्हणाले, “फेब्रुवारीत या.” शोभाने मला द्वारकेला सोडलं. वाटेत ती शाळेबद्दल बोलली, पोरांच्या परीक्षांबद्दल बोलली, खेळाचा विषय तिने काढला नाही. उतरताना मी म्हणालो, “शोभे, माझं चुकलं.” ती म्हणाली, “गाडी लागलीय बघ.”

परतीच्या एसटीत माझी पिशवी रिकामी होती. मी सवयीने शेजारच्या प्रवाशाला गोष्ट सांगायला घेतली. तळं दोन एकरांचं केलं, शेवभाजीला धूर आणला, एसटीतल्या आजोबांना पुढच्या स्टॉपपर्यंत चकती घालूनच बसवलं. पण कागदावरून हात घसरायचे तिथे आलो आणि गाडी अडली. तिथे काही वाढवता येईना. आयुष्यभर मी ज्याला पाणी समजून हात घातला ते दुसरंच काही निघालं, तरी आजवर नुकसान माझं एकट्याचं व्हायचं. या वेळी ते अठरा मुलींचं होतं, आणि एका बाईचं, जिने मला एकेक बघायला सांगितलं होतं. मी शेजाऱ्याला म्हणालो, “पुढचं जाऊ द्या,” आणि सिन्नरपासून पुण्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो.

दोन आठवडे मी फोन केला नाही. तिसऱ्या रविवारी राहवेना. शोभाचा नंबर लावला, तर फोन तात्यांनी उचलला. ती कामात आहे, म्हणाले. मागे बराच गलका होता. मी बागेची चौकशी केली, तब्येतीची केली, पावसाची केली आणि शेवटी विचारलं, “तात्या, टोपल्या काढल्या का?”

तिकडे मागे कुठेतरी साखळ्या खणखणल्या.

“सतरा नंबरचा पान्हा सापडत नाय,” तात्या म्हणाले.